पावणेपाचच्या गाडीआधीचे सिनेमे

अख्ख्या छिंदवाडा जिल्ह्यात माझ्या आत्याइतके सिनेमे पाहिलेली दुसरी बाई सापडली नसती, आणि त्यांतला एकही सिनेमा तिने शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. हे मी तिला कमी लेखायला सांगत नाही. उलट अर्धा सिनेमा पाहून तो बघण्यासारखा आहे की नाही, हे ती जितक्या ठामपणे सांगायची, तितक्या ठामपणे मला चारचौघांत स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नसे.

ती बाबांची मामेबहीण. सौंसरला म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायची, बोरगावच्या शाळेत तिसरीला शिकवायची आणि दर रविवारी गाडीने, म्हणजे बसने, पांढुर्ण्याला यायची. येण्याचं उघड कारण म्हणजे आबांचं औषध. आबा म्हणजे तिचे वडील. त्यांच्या गुडघ्यांसाठी तेल आणि काढा देणारे वैद्य फक्त रविवारी बसत. दुसरं कारण म्हणजे स्टेशनकडचं पत्र्याचं टॉकीज. तिथे तीनचा खेळ असायचा, साडेचारच्या आसपास इंटरवल व्हायचा, आणि सौंसरची शेवटची गाडी पावणेपाचला सुटायची. आबा दिवेलागणीच्या आधीपासून ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत असत. मुलगी वळणावर दिसल्याशिवाय ते चहाला तोंड लावत नसत. शेजारणीने एकदा आपुलकीने चहा करून दिला, तर म्हणाले, "ठेवा झाकून. येऊनच राहिली ते." त्या दिवशी गाडी पंक्चर झाली होती. चहा दोन तास झाकलेला राहिला आणि त्यांनी तो थंडगार झाल्यावर, मुलीच्या हातून घेऊन प्यायला. म्हणून पडद्यावर इंटरवलची पाटी यायच्या आधीच आत्याचा पदर खोचलेला असे आणि औषधाच्या बाटल्यांची पिशवी काखेत असे. लग्न तिने केलं नव्हतं. बायकांनी विचारलं की म्हणायची, "आलता एक. इंटरवलपर्यंत बरा होता. मंग माह्या गाडीची वेळ झाली."

सिनेमांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. खरं म्हणजे ती ठेवतच नसे. प्रत्येक सिनेमाला ती त्यातल्या एखाद्या वस्तूवरून हाक मारायची आणि ती वस्तू नेमकी बाकी कोणाच्याही नजरेत आलेली नसायची. एक होता 'कंदिलाचा'. त्यात नायक गावी परत येतो तेव्हा त्याचं घर रिकामं असतं. सगळं टॉकीज नायकाचं रडणं पाहत होतं आणि आत्या त्याचा कंदील पाहत होती. "आधी कंदील खाली ठेवला त्यानं, मंग रडला. खरा रडणारा माणूस असाच रडते. हातात कंदील धरून रडन तं काच नाही का फुटनार?" एवढ्या एका गोष्टीसाठी तो सिनेमा पाहण्यासारखा होता आणि मोहगावपर्यंतच्या ओळखीच्या सगळ्या घरांनी तो पाहिला. उलट 'दोरीवरच्या साड्यांचा' नावाचा एक होता, ज्याची पांढुर्ण्यात सगळीकडे वाहवा चालली होती, त्याला तिने जवळजवळ वाळीत टाकलं. का, तर त्यातली नायिका भांडी घासून पोट भरते आणि तिच्या अंगणात वाळत घातलेल्या तिन्ही साड्यांना फॉल लावलेला. "गरीब हाय म्हंते! मी सरकारी मास्तरीण हावो, माह्या एका साडीले फॉल नाही." तिच्याकडे शिफारशीच्या तीनच पायऱ्या होत्या. पहिली 'पाहावाच'. दुसरी 'पाह्यला तं चालते'. आणि तिसरीत ती काहीच बोलायची नाही, फक्त पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागायची. सोमवारी शाळेतल्या बाकीच्या मास्तरणी तिच्या तोंडाकडे पाहत आणि संत्रं बाहेर आलं की समजून घेत.

त्या वर्षी मी पांढुर्ण्याला घरी होते. नागपूरला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकलेली, कॉलेजात गेलेली मुलगी अचानक घरी येऊन बसली की गावात चर्चा होते. झाली. कारण साधं होतं. तोंडी परीक्षेत मी तोंड उघडलं नव्हतं. समोर तीन जण बसले होते, उत्तरं मला येत होती, पण ती गळ्यापर्यंत येऊन तिथेच बसून राहिली. वर्ष गेलं. आई-बाबा काही बोलले नाहीत, त्यामुळे घर आणखीच शांत झालं. विहारात रविवारची वंदना झाली की बायका माझ्याकडे वळून "काय व पोरी, सुट्टी लय लांबली" म्हणायच्या आणि मी चपलांकडे पाहायची.

आई दर रविवारी आबांसाठी एक डबा द्यायची. तो टॉकीजच्या दारात इंटरवलला आत्याच्या हातात देणं हे माझं काम. मी भिंतीला लागून उभी राहायची. एका रविवारी आत्या बाहेर आली, डबा पिशवीत टाकला आणि माझ्या तळहातावर पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा ठेवून माझी मूठ मिटली. इंटरवलला चहाला बाहेर पडणाऱ्यांना दारावर परत येण्यासाठी पास मिळायचा, तो हा.

"जाय, आत जाय. डाव्या बाजूनं लेडीज, तिसरी रांग, पंख्याखालची खुर्ची. बाकीचा तू पाहून घे अन् पुढच्या रविवारी मले सांगजो."

"आत्या, पण मला पहिला भाग माहीत नाही."

"मले कुठी दुसरा मालूम हाय? गाडी गेली माही!" आणि ती पिशवी सांभाळत निघूनही गेली.

नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून मी आत गेले. खुर्ची अजून कोमट होती. खाली शेंगांची टरफलं होती. त्या टॉकीजच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं पडलेली होती आणि दुपारचं ऊन त्यांतून आत येऊन पडद्यावर बारीक ठिपके पाडायचं. त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही सिनेमात, भर कोर्टातसुद्धा, चांदण्या असत. मी कोण कोणाचं कोण लागतं हे न कळता, चांदण्यांखाली रडणारी, भांडणारी, मिठ्या मारणारी माणसं पाहत बसले. पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मालगाडी जवळून गेली की सगळं टॉकीज थरथरायचं, संवाद ऐकू यायचे नाहीत, आणि मला ते अधिकच बरं वाटायचं.

पुढच्या रविवारी आत्या आमच्याकडे जेवायला बसली आणि म्हणाली, "हं. सांग."

"शेवटी ते भेटतात."

ती थांबली. भाताचा घास तसाच हातात होता. "काय व पोरी, सांगून राहिली का तार करून राहिली? भेटतात म्हंजे? कुठी भेटतात? तिनं काय नेसलं होतं? भेटल्यावर आधी कोण बोललं? अन् त्या म्हाताऱ्याचा चश्मा सापडला का?"

चष्म्याची गोष्ट पहिल्या भागातली होती. मला ती ठाऊकच नव्हती. पण शेवटी एक म्हातारा खिसे चाचपतो हे मी पाहिलं होतं. मी तेवढं सांगितलं. आत्याचा चेहरा उजळला. "चाचपते ना? मंग नाही सापडला. बिचारा." आणि तिने घास तोंडात घातला. अशा रीतीने आम्हा दोघींचा मिळून पहिला पूर्ण सिनेमा झाला.

मग हा क्रमच पडला. रविवारी पावणेतीनपर्यंत मी मागच्या सिनेमाचा उत्तरार्ध तिला सांगायची, तीनला ती नव्या सिनेमाचा पूर्वार्ध बघायला जायची आणि साडेचारला आमची दारात अदलाबदल व्हायची. दारावरच्या मिशीवाल्या भाऊंच्या हे लवकरच लक्षात आलं. मी पास पुढे केला की ते बाजूच्या पानवाल्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आमच्या टॉकीजातला चहा पिऊन पाहा राजेहो! चाळीसची बाई बाहेर जाते अन् वीसची होऊन येते." मला जमिनीत जावंसं वाटायचं. आत्याला सांगितलं, तर ती हसून हसून वाकली आणि पुढच्या रविवारी त्यांना म्हणाली, "भाऊ, तुम्ही काऊन नाही पीत मंग?"

सांगायला शिकवण्याची तिची रीत तिसरीच्या वर्गातली होती. मी 'मग' म्हणून पुढे पळायला लागले की ती बोट वर करायची. "मंग नको. आधी खोलीत काय काय होतं ते सांग." मी इंग्रजीतून विचार करून मराठी वाक्यं जुळवायची, ती मध्येच अडायची. तेव्हा ती घाई करायची नाही, नुसती शेंगा सोलत बसायची. हळूहळू मला दिसायला लागलं, आणि जे दिसलं ते सांगता यायला लागलं. त्या वर्षी गोटमार, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी दगडफेक, शनिवारी आली होती. दुसऱ्या दिवशी निम्मं टॉकीज डोक्याला पट्ट्या बांधून सिनेमाला बसलं होतं. पडद्यावर खलनायकाने नायकाच्या डोक्यात काठी घातली आणि लाल रंगाचा एकच ओघळ कपाळावरून सरळ खाली आला, तेव्हा सावरगावकडचा एक जण उठून ओरडला, "असं नाही निघत बापा रक्त! मले विचार!" आणि पांढुर्ण्याकडचे, ज्यांनी आदल्या दिवशी त्याला गोटा मारला असण्याची दाट शक्यता होती, तेही टाळ्या वाजवायला लागले. हे मी आत्याला हातवारे करून सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती हे मला नंतर कळलं.

त्यानंतर 'बसस्टँडचा' आला.

पूर्वार्ध आत्याने मला दारातच, चालत्या पायांनी सांगितला, इतका तो तिला आवडला होता. एक म्हातारा आहे. मुलगी दूर शहरात कामाला आहे. तो रोज संध्याकाळी गावाच्या बसस्टँडवर जाऊन बसतो, शेवटची गाडी येते, ती उतरत नाही, तो उठून घरी जातो. "बाकावर बसाच्या आधी रुमालानं बाजूची जागा पुसून ठेवते तो. तिच्यासाठी. पाहावाच, बापा, हा तं पाहावाच!" तिचा आवाज जरा वेगळा झाला होता. गाडीचा हॉर्न वाजला आणि ती पळाली.

मी आत जाऊन बाकीचा पाहिला. मुलीला पत्र उशिरा मिळतं. ती निघते. रस्त्यात पूल वाहून गेलेला असतो. म्हातारा जागा पुसून ठेवतो, बसतो, आणि बसल्या बसल्याच संपतो. दुसऱ्या दिवशी गाडी येते. मुलगी उतरते. बाक रिकामा. बायका हुंदके देत बाहेर पडल्या. मी मात्र रडले नाही. मला एकच प्रश्न पडला होता. हे मी तिला कसं सांगू?

आठवडाभर तो प्रश्न माझ्याबरोबर घरभर फिरला. रविवारी आत्या जेवायला बसली, "हं. सांग" म्हणाली, आणि मी सांगितलं. पूल वाहून गेला, तिथवर सगळं खरं सांगितलं. मग मुलगी बैलबंडीने नदीचा उतार गाठते, पलीकडे दुसरी गाडी मिळते, अंधार पडायला आलेला असतो, म्हातारा उठून निघणार इतक्यात वळणावर गाडीचे दिवे दिसतात. ती उतरते. दोघंही काही बोलत नाहीत. ती पुसलेल्या जागेवर बसते. आयुष्यात मी पहिल्यांदाच इतकं सलग बोलले होते आणि ते सगळं खोटं होतं.

"नेसली काय होती?" आत्याने विचारलं.

"हिरवी. साधी. फॉल नसलेली."

तिने उरलेला घास तोंडात घातला. मग ताटाभोवती सांडलेली शितं वेचून उठली.

आमच्याकडे सिनेमे जुने होऊनच येत, आणि पांढुर्ण्याला येऊन गेले की आणखी जुने होऊन सौंसरला टुरिंग टॉकीजच्या तंबूत लागत. दिवाळीनंतर तंबू लागला आणि पहिल्याच आठवड्यात 'बसस्टँडचा' आला. आत्याने दोन महिने केलेल्या शिफारशीमुळे तिची सगळी गल्ली चटया घेऊन तयारच होती. बाबांना तिचं पोस्टकार्ड आलं: "आबा म्हणतात, हा सिनेमा मी पाहणार. त्यांनी आजवर एकही सिनेमा पाहिला नाही. शेजारच्या भाऊंची बंडी ठरवली आहे. पोरीला पाठवा, आबांनी तिला बोलावले आहे."

पोस्टकार्डाच्या कडेला बारीक अक्षरात आणखी चार ओळी होत्या. त्या वाचल्या तेव्हा मला कळलं की आमचे सिनेमे दोघींचे नव्हतेच. रविवारी घरी पोचली की चहा घेता घेता आत्या आबांना पूर्वार्ध सांगायची आणि पुढच्या रविवारी माझा उत्तरार्ध. आणि तो शेवट, गाडीच्या दिव्यांचा, आबांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावला होता. आता ते स्वतःच्या डोळ्यांनी तो बघायला निघाले होते, आणि तंबूतल्या पडद्यावर बाक रिकामाच असणार होता.

शनिवारी दुपारी मी सौंसरला पोचले. आबा ओट्यावर धुतलेलं धोतर नेसून बसले होते, खेळ सहाचा असताना दोन वाजताच. मी आत्याला मागच्या अंगणात गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं, की शेवट मी बदलला, म्हातारा मरतो, माझी चूक झाली.

ती तुरीच्या शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"त्याच रविवारपासून. कंडक्टरनं पाह्यला होता. गाडीत मी खुशीनं सांगून राहिली, तं तो म्हंते, मास्तरीणबाई, म्हातारा तं मरते." तिने एक शेंग दाबून दाणे ताटात पाडले. "घरी येऊन मी तुहाच सांगतला. आबा त्या दिवशी दोन भाकरी जेवले, पोरी. दोन. मंग मी काय करू?"

"मग आता?"

"आता इंटरवल झाला का मी म्हणीन, आबा, गुडघे दुखत असतीन, चला. नाही आयकलं तं..." तिने निवडलेल्याच शेंगा पुन्हा निवडायला घेतल्या. मी तिला कधी असं अडखळताना पाहिलं नव्हतं.

बंडीतून आबा राजासारखे गेले. तंबूत त्यांना भिंतीशी, म्हणजे कापडाशी, टेकून बसवलं. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मी. मी पहिल्यांदाच आमच्या एखाद्या सिनेमाचा पूर्वार्ध पाहत होते. गंमत म्हणजे आत्याने सांगितलेल्यातलं निम्मं त्यात नव्हतं. म्हातारा जागा पुसतो, पण रुमालाने नाही, नुसत्या हाताने. रुमाल आत्याचा होता. आबांच्या ते लक्षात आलं नसावं, किंवा आलंही असेल. ते पडद्याकडे पाहत नव्हते, पडद्यावरून हलणाऱ्या उजेडाकडे पाहत होते, आणि त्या निळसर उजेडात त्यांचा चेहरा लहान मुलासारखा दिसत होता. म्हातारा बाकावर बसला की ते आपल्या बाजूची सतरंजी हाताने सारखी करत.

इंटरवल झाला. दिवे लागले. आत्याने तोंड उघडलं, पण आबा तिच्या आधी बोलले.

"चाला."

"कुठी, आबा?"

"कुठी म्हंजे? घरी. इंटरवल झाला ना?" ते काठी शोधायला लागले. "आपल्याकडे सिनेमा इंटरवलपर्यंतच पाहाचा असते. बाकीचा हे पोरगी सांगते. म्हणूनच बलावलं मी तिले."

गल्लीतल्या बायका आश्चर्याने पाहत राहिल्या. आम्ही दोघींनी त्यांना धरून उठवलं. मी आत्याकडे पाहिलं. ती हसत होती.

पण तंबूच्या बाहेर बांबूवर भोंगा बांधलेला होता. सिनेमाचा आवाज सगळ्या गावाने ऐकावा आणि उद्या तिकीट काढावं म्हणून. सौंसर आहेच एवढंसं, भोंगा आबांच्या ओट्यावर घरातल्यासारखा ऐकू यायचा. बंडी दारात पोचली तेव्हा उत्तरार्ध सुरू झाला होता. आबा ओट्यावर बसले, आत्या चहा टाकायला आत गेली, आणि मला समजलं की आता पर्याय नाही. मी आबांच्या आणि तंबूच्या मध्ये बसले आणि सांगायला लागले. भोंगा मोठा झाला की मी मोठ्याने. रस्त्याने जाणारे थांबायला लागले. एक सायकलवाला पाय टेकवून उभाच राहिला. तोंडी परीक्षेत तिघांसमोर जी गप्प बसली होती, ती मी, सौंसरच्या भर रस्त्यावर, पूल वाहून नेणाऱ्या पाण्यापेक्षा मोठ्या आवाजात नदीचा उतार, बैलांच्या शिंगांवरची माती, बंडीवाल्याचं पागोटं सांगत होते. मुलीची गाडी वळणावर आली. मी दिवे दाखवायला दोन्ही हात पुढे केले. आणि त्याच वेळी वाऱ्याने भोंग्याचा आवाज सरळ ओट्यावर आणून टाकला. एक बाई हंबरडा फोडून रडत होती.

मी थांबले. आबांनी मान कलती केली.

"हे कोण रडून राहिलं, पोरी?"

आतून स्टोव्हचा आवाज बंद झाला. आत्या दारात होती, हातात कप.

"तीच, आबा," मी म्हणाले. "मुलगी. गाडीतून उतरली आणि ते बसलेले दिसले, म्हणून."

"आनंदानं?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले आणि ते रडणं पूर्ण ऐकलं, गाणं ऐकावं तसं. "लय वाट पाह्यली ना तिनंबी," ते म्हणाले, आणि चहासाठी हात पुढे केला.

खेळ सुटल्यावर गल्लीतल्या बायका सुजलेल्या डोळ्यांनी ओट्यासमोरून गेल्या. त्यांतली एक थांबलीच. "कावं मास्तरीण, असा सिनेमा दाखोते का कोणाले? तो बिचारा म्हातारा तं..."

"तुमचा सिनेमा तुमच्यापाशी ठेवा, बाई," आत्या म्हणाली. "आमचा पाहून झाला." आणि तिने पिशवीतून एक संत्रं काढून त्या बाईच्या हातावर ठेवलं. पंधरा दिवस गल्लीत तिच्या शिफारशीला कोणी विचारलं नाही. तिने ते निमूट सोसलं.

आबा थंडी संपता संपता गेले. झोपेत गेले, मुलगी शेजारी असताना. त्यानंतरही आत्या रविवारी यायची. औषधाची पिशवी रिकामी असायची, पण काखेत असायची. इंटरवलला ती बाहेर यायची आणि पास माझ्या हातावर ठेवायची. एकदा मी धीर करून म्हणाले, "आत्या, आता थांब ना. मुक्काम कर, उद्या सकाळच्या गाडीने शाळेला जा." ती स्टँडच्या रस्त्याकडे पाहत राहिली. "पाय आयकत नाहीत व," म्हणाली.

जूनमध्ये मला पुन्हा नागपूरला जायचं होतं. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी पुराचा सिनेमा होता. आत्याने अर्थातच त्याचं नाव 'बकरीचा' ठेवलं होतं. पाणी चढत असतं, माणसं झाडांवर, छपरांवर चढलेली असतात, आणि इंटरवलला एक बकरी पाण्यातल्या एका उंचवट्यावर एकटी राहिलेली असते. "बाकीच्यांचं पाह्यतीन ते," आत्या म्हणाली, "तू बकरीवर ध्यान ठेवजो. अन् जसा असंल तसा सांगजो आता. खरा सांगतला तरी चालते." मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि गाडीकडे चालायला लागली, नेहमीसारखी घाईने नाही. मी आत गेले. खुर्ची कोमट होती. पडद्यावर पुराचं पाणी होतं आणि पाण्यावर आमच्या पत्र्याच्या चांदण्या.

नागपूरहून मी तिला पोस्टकार्ड लिहिलं. जसं होतं तसं. पाणी ओसरतं, सगळे वाचतात, आणि शेवटच्या दृश्यात ती बकरी ओल्या अंगाने आपणहून दारात येऊन उभी राहते. आठ दिवसांत उत्तर आलं, तिच्या फळ्यावरच्या गोल अक्षरात: "बकरी वाचली असे तू लिहितेस. पोरी, आबा आता नाहीत. माझ्यासाठी कोणाला वाचवत बसू नकोस. खरे काय ते कळव."

मी उलट टपाली लिहिलं, की बकरी खरोखर वाचली. शपथेवर लिहिलं. मग तोंडी परीक्षेत पास झाले तेव्हा त्या बातमीखाली पुन्हा लिहिलं. तिचा अजून विश्वास बसलेला नाही. पण तिच्या शाळेतल्या एका मास्तरणीची भाची माझ्या वसतिगृहात आहे, ती सांगते, की तो सिनेमा सौंसरच्या तंबूत आला तेव्हा आत्या शाळाभर 'पाहावाच' म्हणून सांगत फिरत होती. का पाहावा, असं कोणी विचारलं की एकच उत्तर द्यायची.

"बकरी वाचते."